काल्डर यंदा कोणाला? डेमिडोव्ह की शेफर (नाशिककरांचा आईस हॉकी धागा)

गंगापूररोडकर (४ ऑक्टोबर २०२५, रात्री)

मंडळी, सोमवारी कोजागरी आणि बुधवारी पहाटे एनएचएलचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आईस हॉकी लीगचा, नवा हंगाम. मागच्या धाग्यावर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की यंदाचा सर्वोत्तम नवोदित कोण, म्हणून वेगळा धागा काढतोय. आपापलं नाव कारणासकट लिहा. एप्रिलमध्ये हाच धागा वर काढू.

नव्यांसाठी थोडं माझ्याबद्दल. प्रेसमधून निवृत्त झालो. यंदा जानेवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मॉन्ट्रियलला गेलो, ते जूनपर्यंत तिथेच होतो. बाहेर उणे वीस, घरात तान्हं बाळ. जावई रोज संध्याकाळी सामना लावायचे. पहिले पंधरा दिवस मला पकच (बर्फावरची ती रबरी चकती) दिसत नव्हता. मग जावई म्हणाले, "बाबा, पकाकडे बघू नका, माणसांकडे बघा. माणसं वळतात तिकडे पक असतो." त्या दिवसापासून हा खेळ मला दिसायला लागला.

आता मुद्द्याचं. काल्डर स्मृती करंडक एनएचएलमधल्या पहिल्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळतो. फ्रँक काल्डर हे लीगचे पहिले अध्यक्ष, त्यांचं हे नाव. मतदान हॉकीचे पत्रकार करतात. प्रत्येक जण पाच नावं क्रमाने लिहितो, त्यांना १०, ७, ५, ३, १ असे गुण. मतं साखळी सामने संपल्यावर आणि बाद फेरी सुरू होण्याआधी दिली जातात, त्यामुळे बाद फेरीतला पराक्रम धरला जात नाही.

नवोदित कोण, याचा नियमही पक्का आहे. आधीच्या कुठल्याही एका हंगामात २५ पेक्षा जास्त सामने खेळलेला नसावा, आधीच्या कुठल्याही दोन हंगामांत प्रत्येकी सहा किंवा जास्त सामने नसावेत, आणि हंगामाच्या १५ सप्टेंबरला वय २६ च्या आत हवं. ही वयाची अट सर्गेई माकारोव्हमुळे आली. १९९० साली त्याला हा करंडक मिळाला तेव्हा तो ३१ वर्षांचा होता, सोव्हिएत संघाकडून सगळं जिंकून आलेला. नवखा म्हणावा असं त्याच्यात काहीच नव्हतं.

माझं मत इव्हान डेमिडोव्हला, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब ओळीने नवी पोरं निवडतात त्यात, पाचवा. गेल्या हंगामात रशियाच्या केएचएलमध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एसकेएकडून ६५ सामन्यांत ४९ गुण (स्वतःचे गोल आणि असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत, मिळून). वीस वर्षांखालच्या खेळाडूचा त्या लीगमधला हा विक्रम आहे, आणि तोही बर्फावर वेळ बेताचाच मिळत असताना. १४ एप्रिलला शिकागोविरुद्ध त्याचा पहिला सामना आम्ही घरी बघितला, नातू माझ्या मांडीवर झोपलेला. पहिल्याच पिरियडमध्ये पोराने एक गोल करवला आणि एक स्वतः केला. जावई उठून ओरडले, नातू जागा होऊन रडायला लागला, आणि मुलीने दोघांनाही दटावलं. एनएचएलच्या साखळीत तो दोनच सामने खेळला, म्हणून यंदा नवोदितच धरला जाईल.

बोला.

---

टोरांटोतला_नाशिककर (५ ऑक्टोबर)

काका, धागा काढलात ते उत्तम केलंत. मूळचा इंदिरानगरचा, अकरा वर्षं इकडे आहे.

माझं नाव मॅथ्यू शेफर, न्यूयॉर्क आयलंडर्स. यंदाच्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, बचावपटू, वय १८.

तुम्ही डेमिडोव्हचे आकडे दिलेत, ते निर्विवाद आहेत. पण मी काल्डरचा अंदाज करताना आधी एक प्रश्न विचारतो: या पोरासाठी जागा कोणी रिकामी केली आहे का? शेफरच्या बाबतीत उत्तर लख्ख आहे. २७ जूनला, ड्राफ्टच्याच दिवशी, आयलंडर्सनी नोआ डॉब्सनला विकला. डॉब्सन त्यांचा पॉवर प्ले (समोरचा गडी शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतानाचा खेळ) चालवणारा बचावपटू. त्याच्या बदल्यात ड्राफ्टमधला १६ वा आणि १७ वा क्रमांक आणि एमिल हाइनमन घेतले. आणि डॉब्सन गेला कुठे? तुमच्या मॉन्ट्रियलला.

म्हणजे आयलंडर्सच्या बचावफळीत पॉवर प्लेसाठी मोठी जागा मोकळी झाली. गेल्या हंगामात पॉवर प्लेत ते लीगच्या तळाच्या संघांत होते. तिथे शेफर उभा राहिला की गुण आपोआप येतात. डेमिडोव्हचं नेमकं उलटं आहे. मॉन्ट्रियलकडे आघाडीला सुझुकी, कॉफील्ड, स्लाफकोव्हस्की आहेत, मागे हटसन आणि आता डॉब्सन. पॉवर प्लेच्या पहिल्या पाचांत पोराला उभं कुठे करणार?

शेफरला मी ज्युनिअरच्या एका सामन्यात प्रत्यक्ष पाहिलंय. तेव्हा तो १६ चा होता. समोरून दोन जण पक घेऊन येत होते आणि हा उलटा, पाठमोरा सरकत होता. त्याच्या खांद्यांची रेषा अजिबात हलत नव्हती. पायांखाली बर्फ खर्र खर्र वाजत होता आणि वरचं शरीर देव्हाऱ्यातल्या समईसारखं स्थिर. माझ्या शेजारचे आजोबा त्यांच्या बायकोला एवढंच म्हणाले, "हा पोरगा जाणार." तिसऱ्या मिनिटाला म्हणाले होते.

---

रोलरकोच (५ ऑक्टोबर)

दादा, पाठमोऱ्या सरकण्याचं लिहिलंत ते वाचून फार आनंद झाला. मी नाशकात मुलांना रोलर स्केटिंग आणि रोलर हॉकी शिकवतो. आमच्याकडे बर्फ नाही, सिमेंट आहे, पण पायाचं शास्त्र बरंचसं तेच. माझ्याकडे येणारी दहातली नऊ मुलं पुढे भन्नाट पळतात आणि मागे जायला सांगितलं की कंबरेत वाकतात. कंबर वाकली की डोळे जमिनीकडे जातात, आणि डोळे खाली गेले की समोरचा निसटलाच. हे सुटायला दोन वर्षं लागतात.

तरीही शेफरबद्दल मला काळजी वाटते. आघाडीच्या पोराने चूक केली तर चेंडू गेला (पक म्हणायला हवं, सवय जात नाही), बचावपटूने चूक केली तर गोल झाला. १८ व्या वर्षी समोर शंभर किलोचे तिशीतले गडी, ८२ सामने, एक दिवसाआड प्रवास. १८ व्या वर्षी हे पेलणारे बचावपटू किती झाले?

---

टोरांटोतला_नाशिककर

सर, कमी झाले, पण झाले. फ्लोरिडाचा आरॉन एकब्लाड २०१४ चा पहिला क्रमांक. थेट १८ व्या वर्षी उतरला, ३९ गुण केले आणि काल्डर नेला. त्याआधी बॉबी ओर १९६७ मध्ये.

आणि बचावपटूंना पत्रकार मतं देत नाहीत हा समज आता जुना झाला. २०२० ला केल मकार, २०२२ ला मोरित्झ साइडर, २०२५ ला लेन हटसन. सहा वर्षांत तीन.

एक अट मात्र मान्य करतो. १८ वर्षांच्या खेळाडूला क्लब नऊ सामने खेळवून परत ज्युनिअरला पाठवू शकतो, दहावा सामना खेळला की कराराचं पहिलं वर्ष मोजायला लागतं. त्यामुळे दहाव्या सामन्याला तो बर्फावर दिसला की समजायचं, आयलंडर्सनी ठरवलंय.

---

मेनरोड७२ (५ ऑक्टोबर)

सगळ्यांचा मान ठेवून बोलतो. आमच्या पिढीला हॉकी म्हटलं की ध्यानचंद. नोव्हेंबरच्या शेवटी आपल्याच देशात, चेन्नई आणि मदुराईला, ज्युनिअर विश्वचषक आहे. पहिल्यांदाच २४ संघ. आपल्या पोरांना श्रीजेश शिकवतोय. उगवता खेळाडू हेरायचा तर तिथे हेरा ना. एफआयएचचा (आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा) उगवत्या खेळाडूचा पुरस्कार आपल्या विवेक सागर प्रसादने दोनदा आणलाय. इटारसीजवळच्या गावातला पोरगा. पहाटे साडेचारला उठून अमेरिकेतला बर्फ बघायचा, हे मला पटत नाही.

---

गंगापूररोडकर

मेनरोडदादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं, आणि ज्युनिअर विश्वचषकाचा धागा तुम्हीच काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

पण तुम्ही विवेक सागरचं उदाहरण दिलंत, त्यातच फरक आहे. तो पुरस्कार दोनदा मिळू शकतो. काल्डर आयुष्यात एकदाच. हंगाम हुकला की संपलं. २०१५ मध्ये कॉनर मॅकडेव्हिड आला, सगळ्यांनी आधीच करंडक त्याच्या नावावर लिहून टाकला होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच गळपट्टीचं हाड मोडलं. ४५ सामन्यांत ४८ गुण केले, म्हणजे सामन्यामागे एकापेक्षा जास्त, तरी मतदानात तिसरा. करंडक गेला शिकागोच्या आर्टेमी पानारिनकडे, ७७ गुण, वय २४. आज मॅकडेव्हिड जगातला सर्वोत्तम खेळाडू मानला जातो आणि त्याच्या कपाटात काल्डर नाही. जुन्या पिढीतल्या महान वेन ग्रेट्स्कीच्याही नाही, कारण तो आधी दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला म्हणून त्याला नवोदित धरलंच नाही. त्या वर्षी रे बोर्कला मिळाला.

म्हणून मला या एका वर्षाचं एवढं वाटतं. पोराला ही संधी पुन्हा नाही.

---

सिन्नरची_लेक (६ ऑक्टोबर)

काका, दोन दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय.

माझा मुलगा तेरा वर्षांचा, रोलर हॉकीत गोलरक्षक. मागच्या वर्षी एका निवड चाचणीत त्याने चाळीस मिनिटांत एकच गोल खाल्ला. यादी लागली, त्यात नाव नव्हतं. निवडणाऱ्यांनी मला सांगितलं, "ताई, मुलगा चांगला आहे, पण उंची बघा की." घरी येताना तो रिक्षात एक शब्द बोलला नाही. पॅड मांडीवर घेऊन बसला होता, त्यांचे पट्टे नुसते उघडत होता आणि लावत होता.

त्यानंतर याच साइटवर काकांनी लेन हटसनबद्दल लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. पाच फूट नऊ इंच. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये ६२ वा. पहिल्या हंगामात ८२ सामन्यांत ६ गोल आणि ६० असिस्ट, नवोदित बचावपटूच्या असिस्टच्या विक्रमाची बरोबरी. मग आम्हीच शोधत शोधत डस्टिन वुल्फपर्यंत पोचलो. कॅल्गरीचा गोलरक्षक. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये २१७ मुलं निवडली गेली आणि हा २१४ वा. गोलरक्षकाच्या मानाने बुटका म्हणून. गेल्या हंगामात त्याने २९ सामने जिंकून दिले आणि काल्डरच्या मतांत तो दुसरा आला. ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाचा मॅक्लिन सेलेब्रिनी तिसरा. मुलाने वहीत लिहून ठेवलंय: ६२, २१४, १.

म्हणून माझं मत गोलरक्षकाला, सॅन होजेच्या यारोस्लाव आस्कारोव्हला. मला माहीत आहे की २००९ च्या स्टीव्ह मेसननंतर एकाही गोलरक्षकाला काल्डर मिळालेला नाही. तरी माझं नाव तेच लिहा.

(मेनरोडदादा, जूनमध्ये आपल्या मुलींनी आशिया चषकात आईस हॉकीचं कांस्य आणलं, बहुतेक जणी लडाखच्या. हाही आपलाच खेळ व्हायला लागलाय.)

---

मेनरोड७२

ताई, लडाखच्या मुलींचं मला खरंच ठाऊक नव्हतं. मागे घेतो. मुलाला सांगा, पट्टे घट्ट बांध आणि उभा राहा.

---

रोलरकोच

ताई, मुलाला रविवारी सकाळी माझ्याकडे घेऊन या, व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवलाय. बुटक्या गोलरक्षकाने पुढे किती यायचं हे शिकायला हवं. दोन पावलं पुढे आला की मारणाऱ्याला जाळं निम्मं दिसतं. उंची देवाने दिलेली, ती दोन पावलं आपली. फी वगैरे विषय काढू नका.

आस्कारोव्हबद्दल एक सांगतो. त्याचा संघ दुबळा आहे. त्याच्यावर मारा खूप होणार, मुलगा शिकेलही खूप, पण हरलेले सामने मतं खातात.

---

द्राक्षबागायतदार (६ ऑक्टोबर, रात्री उशिरा)

राम राम. पावसाने छाटणी लांबली, प्लॉट बघून आत्ता आलो. दूध आटतंय तोवर लिहितो.

तुम्ही सगळे ऑक्टोबरात बसून पोरांचा अंदाज करताय. आमच्याकडेही लोक ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत येतात आणि घड मोजतात. पण घड ऑक्टोबरात तयार होत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी फुटते, तिच्या डोळ्यात उन्हाळ्यातच घड ठरून जातो. तेव्हा ऊन, पाणी, खत नीट मिळालं असेल तर ऑक्टोबरात फक्त तो बाहेर दिसतो.

तर या दोन पोरांची एप्रिल छाटणी कशी झाली ते बघा. डेमिडोव्ह गेलं पूर्ण वर्ष मोठ्या माणसांत ६५ सामने खेळलाय. शेफर? टोरांटोवाल्या दादांनी हे लिहिलं नाही, मी शोधलं. डिसेंबरात जागतिक ज्युनिअर स्पर्धेत गळपट्टीचं हाड मोडलं. अख्ख्या हंगामात एरी ऑटर्स या ज्युनिअर क्लबकडून १७ सामने, २२ गुण. म्हणजे काडीला ऊन पुरतं मिळालेलं नाही. आणि बापाच्या लीगमध्ये एकदम ८२.

वयाचं बघा. जन्म ५ सप्टेंबर २००७. ड्राफ्टला १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण लागतात. हा अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर पुढच्या वर्षीच्या यादीत गेला असता. म्हणजे आपल्या यादीतल्या सगळ्यात लहानांपैकी एक, आणि तोच पहिला.

माझं मत डेमिडोव्हला. पण मनात एक गोष्ट खटकतेय तीही सांगतो. आमच्या चांदवडचा दत्तू भोकनळ. तळेगाव रोहीचा. प्यायच्या पाण्याची मारामार असलेलं गाव, विहिरी खोदायचं काम केलेला पोरगा. सैन्यात २०१२ ला गेला, तिथे हातात वल्हं आलं, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेत तेरावा. चार वर्षांत. माझा काडीचा हिशोब त्याला लावला असता तर मी त्याला पानातसुद्धा धरला नसता.

---

टोरांटोतला_नाशिककर

दादा, हाडाची गोष्ट मी लपवली नव्हती, लिहायचं राहिलं. तुमचा काडीचा हिशोब मी आज इथल्या मित्रांना इंग्रजीत समजावून सांगितला. त्यांनी दोनदा सांगायला लावला.

पण १७ सामन्यांत २२ गुण म्हणजे घड लहान, पण मणी भरलेले. आणि ते वर्ष नुसतं हाड मोडण्याचं नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची आई कर्करोगाने गेली. १६ वर्षांचं पोर. त्याच ऑगस्टमध्ये कॅनडाच्या १८ वर्षांखालच्या संघाचा कर्णधार होऊन ह्लिंका ग्रेट्स्की चषकाचं सुवर्ण आणलं. ड्राफ्टच्या रात्री जर्सी अंगावर चढवायच्या आधी तिच्यावर लावलेल्या आईच्या आठवणीच्या फितीवर त्याने ओठ टेकले. मी घरी टीव्हीसमोर बसून रडलो. ज्याने हे सोसलंय त्याला मैदानावरचा दाब वेगळा वाटणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

आयलंडर्सच्या भिंतीवर याआधी पाच काल्डर आहेत. पोटव्हिन, ट्रॉटिये, बॉसी, बेरार्ड, बार्झल. पहिलाच, पोटव्हिन, बचावपटू आणि पहिल्या क्रमांकाचा. १९७४.

---

गंगापूररोडकर (७ ऑक्टोबर)

कोजागरी छान झाली. गच्चीवर बारा जण होतो, आणि चंद्राला नैवेद्य झाल्यावर विषय हाच.

रात्री झोप लागली नाही म्हणून तुमचे प्रतिसाद पुन्हा वाचले. टोरांटोच्या जागेच्या मुद्द्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. डेमिडोव्ह डावखुरा असून उजव्या बाजूने खेळतो, म्हणजे आत वळून मारायला त्याला कोन मिळतो. पण पहिल्या पॉवर प्लेमध्ये तो डिसेंबरपर्यंत आला नाही तर माझा अंदाज चुकणार, हे मान्य करून ठेवतो. १० डिसेंबरला तो वीस पूर्ण करेल. तोपर्यंत मी माझं मत बदलणार नाही.

मॉन्ट्रियलबद्दल एक सांगायचं राहिलं. हटसनच्या आधी त्या क्लबच्या खेळाडूला काल्डर मिळाला होता तो १९७२ मध्ये, गोलरक्षक केन ड्रायडनला. मधे ५३ वर्षं. ड्रायडनची गोष्ट तर उलटीच. १९७१ मध्ये साखळीत जेमतेम सहा सामने खेळून बाद फेरीत उतरला, लीगचा स्टॅनली चषक जिंकला, बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि नवोदिताचा करंडक त्यानंतरच्या वर्षी. गेल्या महिन्यात, ५ सप्टेंबरला, ते गेले. जावयांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज घरातलं माणूस गेल्यासारखा होता. त्यांच्या वडिलांनी त्यांना ड्रायडनची उभं राहण्याची ढब दाखवली होती: काठी बर्फावर उभी टेकवायची, दोन्ही हात तिच्या टोकावर, हनुवटी हातांवर. पक दुसऱ्या टोकाला असला की तो तसा उभा राहायचा. आता जावई ती ढब नातवाला दाखवतात. नातू आठ महिन्यांचा आहे, धरून उभा राहतो.

नोंद करून ठेवतो. डेमिडोव्ह: मी, द्राक्षबागायतदार. शेफर: टोरांटो. आस्कारोव्ह: सिन्नरची लेक. रोलरकोच आणि मेनरोडदादा, तुमचं नाव राहिलंय.

मॉन्ट्रियलचा पहिला सामना टोरांटोत, आपल्याकडे गुरुवारी पहाटे साडेचार. आयलंडर्सचा पिट्सबर्गला, शुक्रवारी पहाटे साडेचार. दोन्ही दिवस आमच्याकडे या. दार उघडं असेल, चहा सव्वाचारला.

---

रोलरकोच

माझं शेफर. शुक्रवारी येतो. पहिली दोन मिनिटं कोणी बोलू नका, मला त्याची कंबर बघायची आहे.

---

मेनरोड७२

डेमिडोव्ह. गुरुवारी येतो, येताना सायंताराचा साबुदाणा वडा नाही, पण गरम जिलबी आणतो. ज्युनिअर विश्वचषकाचा धागा काढलाय.

---

गंगापूररोडकर

नोंद केली. आणि एक नाव वाढवा. सौभाग्यवतींनी फितीचा तो प्रतिसाद मोठ्याने वाचायला लावला, नंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आत्ता दिवा लावून आल्या आणि म्हणाल्या, माझं त्या आई नसलेल्या पोराला लिहा.